वसंतरावांचा व्हॉल्व्ह

माझे साडू वसंतराव यांना काहीही विचारलं तरी ते लगेच उत्तर देत नाहीत. "चहा घेणार?" असं विचारावं आणि खुशाल आत जाऊन दूध आहे का ते बघून यावं. परत आलात की उत्तर येतं, "अर्धा." त्यांच्याशी पहिल्यांदा फोनवर बोललो तेव्हा लाइन कट झाली असं समजून मी दोनदा फोन ठेवला. दोन्ही वेळा ते बोलण्याच्या बेतात होते, असं नंतर कळलं.

भाईंदरजवळ, हाटकेशला त्यांचा दुरुस्तीचा गाळा आहे. शेजारी बरण्यांची झाकणं बनवणारे एक गुजराती शेठ. ते सकाळी शटरला हात घालतानाच विचारतात, "वसंतभाई, केम छो?" मग शटर वर जातं, दिवाबत्ती होते, मशीन सुरू होतं, आणि शेठ ओरडतात, "हां, अब बोलो!"

वसंतराव तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. बोटं आखडली तशी गिटार भिंतीवर गेली आणि ते गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला लागले. त्यातल्या रेक्टिफायर नावाच्या भागावर हा माणूस तासभर बोलतो. एकदा बोलायला लागला की. मला कळलं ते इतकंच, की घरात येणारी वीज पुढे-मागे धावत असते आणि तिला एका दिशेला लावतो तो रेक्टिफायर. आता तिथे डायोड असतो. हरभऱ्याएवढा, स्वस्त, बटण दाबताच कामाला लागणारा. पूर्वी तिथे काचेचा व्हॉल्व्ह असायचा. आधी त्याची तार सावकाश लाल होणार, मग साहेब कामाला लागणार. वसंतरावांच्या स्वतःच्या, दप्तराएवढ्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये अजून व्हॉल्व्हच होता.

"डायोड एकदम कडक, दिलीपराव. तार छेडली की हजर. व्हॉल्व्ह दमतो. जोरात छेडलं की सूर खाली बसतो, आणि मग फुगत फुगत वर येतो. तुम्ही थांबलात तर, हां."

मला दोन्हींतला फरक ऐकू येत नाही. माझ्या कानांची मजल कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापर्यंत, आणि त्या आकड्यावरही मंजूचा, म्हणजे माझ्या बायकोचा, विश्वास नाही.

माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केलेली. रिक्षावाले डायोड. बँकेतले व्हॉल्व्ह, "पण फ्यूज उडालेले." मी डायोड. "तुमचं उत्तर प्रश्न संपायच्या आत येतं. चुकीचं येतं, पण येतं."

मंजूची मोठी बहीण सुधाताई ही त्यांची बायको. ती मूळची डायोडच. नवऱ्याला हयातभर "अहो" म्हणणारी, जुन्या वळणाची. त्याचं नाव तोंडात यायचं ते फक्त उखाण्यात. पण उखाणा दर कार्याला नवा, स्वतः रचलेला, आणि इतका फाडफाड की पुढच्या बाईला घाम फुटावा. वसंतराव तेव्हा खांबाला टेकून छताचे पंखे बघत असायचे. मात्र तिची पाळी येईपर्यंत ते पंगतीलासुद्धा बसायचे नाहीत, हे आम्ही सगळे बघत होतो.

मग सुधाताईला स्ट्रोक आला. हातपाय सुधारले, शब्द हरवायला लागले. "पाणी" येतं, "मीठ" येतं, थोडं थांबलं तर "भाईंदर"सुद्धा येतं. पण थांबतंय कोण? "मला जरा च..." असं ती म्हणते आणि आम्ही तिघं-चौघं मदतीला धावतो. चहा! चष्मा! चादर! मग ती कंटाळून कशावर तरी मान डोलवते, आणि भर उन्हाळ्यात तिच्या अंगावर चादर येते. नवऱ्याचं नाव तर आलंच नव्हतं. उखाण्यातही नाही. वसंतरावांनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, पण ते कार्यांना यायचे बंद झाले.

माझ्या मुलीच्या, केतकीच्या, डोहाळजेवणाचं आमंत्रण द्यायला मी गाळ्यात गेलो. सोबत भेटही नेली होती. अ‍ॅम्पचा व्हॉल्व्ह म्हातारा झाला, नवा कुठे मिळत नाही, असं ते किती दिवस कुरकुरत होते. मी त्याच्या जागी बसणारा डायोडचा तयार डबा ऑनलाइन मागवला. इतका विचार करून मी मंजूलाही कधी काही दिलेलं नाही, असं मंजू म्हणते.

आत सुधाताई स्टुलावर बसली होती. समोर अ‍ॅम्प, त्याला जोडलेला माइक. वसंतरावांनी बटण दाबलं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी तळहात वर केला. थांबा. दोघं त्या काचेतल्या तारेकडे बघत बसले. ती लाल झाली, अ‍ॅम्प गुणगुणायला लागला, तेव्हा सुधाताई माइकशी वाकली.

"काशीमिऱ्याच्या... नाक्यावर... गाड्यांची... रांग..." मग बराच वेळ नुसती गुणगुण. "व... वसं..."

तिथेच ती अडली, आणि हसली.

"परवा नुसता 'व' होता," वसंतराव म्हणाले. "पुढचं तयार आहे तिचं. 'वसंतरावांचं नाव घेते, केतकी, जरा थांब.' डोहाळजेवणाला घेणार म्हणते."

मी डबा पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"चांगला आहे."

"मग बसवा की!"

शेठजींच्या मशीनमधून बरीच झाकणं पडली.

"हा बसवला तर अ‍ॅम्प हिची वाट बघत बसेल. आत्ता ही त्याची वाट बघते. तेवढा वेळ तरी ही कोणाच्या मागे पडलेली नसते, दिलीपराव."

डोहाळजेवणाच्या हॉलच्या पॅकेजमध्ये एक अँकर फुकट होती. फुकट म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो होतो. मुलगी चुणचुणीत, एक मिनिट गप्प बसायचे तिला वेगळे पैसे द्यावे लागले असते. उखाणे सुरू झाले. सुधाताईच्या हातात माइक आला. कितीतरी दिवसांनी वसंतराव खांबाला टेकले होते, पण पंखे बघत नव्हते.

पहिली ओळ आली. सबंध आली. हॉलभर टाळ्या.

"व..." सुधाताई म्हणाली.

वसंतरावांचा तळहात वर गेला.

"ओहोहो, काकू लाजल्या! काकांचं नाव काय? पटकन सांगा कोणीतरी!"

"वसंतराव!" मंजू ओरडली. बहिणीच्या मायेने ओरडली, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मग आणखी चौघी ओरडल्या.

"वसंतराव आहेत लाखात एक, चला आता कापू या केक! काकूंसाठी जोरदार टाळ्याऽऽ!"

माइक पुढच्या बाईकडे गेला. सुधाताईचं तोंड उघडंच होतं. पुढचं अक्षर ओठांवर आलेलं मला दिसत होतं. तिने माइककडे पाहिलं, मग तोंड मिटलं आणि मान डोलवली. चादरीला डोलवते तशी.

अल्बममध्ये वसंतरावांचा एक फोटो आहे, तळहात वर केलेला. फोटोग्राफरला वाटलं, ते टाळ्यांचा स्वीकार करताहेत. मंजू तो सगळ्यांना दाखवते. "भाऊजी किती खूश दिसताहेत बघा!"

त्या फोटोची प्रत घेऊन मी गाळ्यात गेलो. वसंतराव एकटेच होते. स्टुलावर कोणाचातरी स्पीकर ठेवला होता.

"सुधा येत नाही आता," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "म्हणते, झालं की नाव घेऊन."

फोटो त्यांनी पाहिला आणि खणात ठेवला. अ‍ॅम्पचं बटण दाबलं. मी सवयीने तारेकडे बघायला वाकलो. तार नव्हती. तिथे माझा डायोड बसला होता. वरच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, सुधाताईच्या रुमालात काहीतरी लांबट गुंडाळून ठेवलेलं होतं.

शेजारी झाकणं पडत होती.

"चहा घेणार?" मी विचारलं, आणि सवयीने रस्त्यावरची माणसं बघायला दाराकडे वळलो.

"अर्धा," वसंतराव म्हणाले. मी पुरता वळायच्या आतच.