बैलाच्या पसंतीचा जावई

लातूरच्या वाचक मेळाव्याला निघताना डॉ. महादेवप्पांनी बायकोला बजावलं, "गौरम्मा, पाण्याच्या बाटल्या जास्त घे. लोकांना हसून हसून ठसका लागणार आहे!"

महादेवप्पा म्हणजे औशातले जनावरांचे डॉक्टर. 'ढवळ्याचं मत' हा त्यांचा पहिलाच कथासंग्रह. कथा एकेक तऱ्हेवाईक. पण सांगायची ढब अशी, जणू गाईला ताप किती चढलाय ते सांगतायत.

मेळाव्यात त्यांनी 'सोयरीक' वाचली. त्यातला ढवळ्या बैल घरच्या पोरींसाठी आलेली स्थळं हुंगायचा. मुलगा पसंत पडला तर हात चाटायचा, नाही तर सरळ पाठ फिरवायचा.

सभागृह सुतकात बसल्यासारखं गप्प! पहिल्या रांगेतल्या दोघांनी गंभीरपणे माना डोलावल्या. एका आजीनं डोळ्याला पदर लावला. डॉक्टरांच्याच घशाला कोरड पडली आणि गौरम्मानं निमूटपणे बाटली पुढे केली.

कार्यक्रम संपल्यावर मात्र लोकांनी त्यांना गराडा घातला.

"लई खरं लिवलंय, डाक्टरसाहेब!"

"आमचा बी बैल अस्साच हुता बघा!"

त्या गर्दीतून मुरुडचे शेतकरी रामकिशन पुढे आले आणि त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "रईवारी आमच्या पोरीला, शिल्पीला, बघाया यायलेत. तुमच्या ढवळ्याला घेऊन या."

"अहो, ढवळ्या नाहीच आहे!"

"वारला? अरेरे! ऱ्हाऊ द्या, आमचा राजा हाय. तुमी निस्तं शेजारी उभं ऱ्हावा."

"तसं नव्हे हो! ती सगळी गंमत आहे. मनानं रचलेली!"

रामकिशन गर्दीकडे वळले. "बघा! येवढी इद्या, पर गर्व म्हणून न्हाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आपल्या विनोदापायी एका पोरीचं लग्न बैलाच्या जिभेवर आलं होतं!

रविवारी ते मुरुडला धावले ते हा प्रकार थांबवायलाच. पण तिथे अर्धी गल्ली अंगणात जमलेली. मध्यभागी चापूनचोपून भांग पाडलेला नवरामुलगा, शेजारी त्याचे मामा व्यंकटराव आणि समोर शिंगं रंगवलेला राजा. डॉक्टरांनी तोंड उघडलं, तोवर कुणीतरी कासरा सोडलासुद्धा!

राजा डुलत डुलत मुलापाशी गेला. त्यानं हुंगलं. जीभ बाहेर काढली. सगळ्यांनी श्वास रोखला. आणि एकाएकी बैल गर्रकन वळला, तो मुलाच्या गालावर शेपटीचा फटकारा मारूनच!

"नापसंत!" रामकिशन ओरडले.

डॉक्टरांनी बैल कुठे बघतोय ते पाहिलं. सगळ्यांच्या पाठीमागे, गोठ्याच्या दारात शिल्पा उभी होती. ओढणीआड सरकी पेंडीचं टोपलं! डॉक्टरांशी नजर भिडताच तिनं हात जोडले.

"डाक्टरसाहेब, तुमीच सांगा आता," रामकिशन म्हणाले.

खरं बोलावं तर पोरगी गोत्यात. खोटं बोलावं तर जन्मभर आपण बैलांचे ज्योतिषी! डॉक्टरांनी एकवार पोरीकडे पाहिलं आणि ताप सांगावा तशा आवाजात सांगून टाकलं, "बैलाचं मत पक्कं दिसतंय."

व्यंकटराव ताडकन उठले. आता हाणामारी, म्हणून डॉक्टर खांबाआड सरकले.

"ते तुमचं बैलाचं पुस्तक कुटं मिळंल?" व्यंकटरावांनी विचारलं. "आमच्या घरी बी दोन पोरी हायत!"

पाहुणे चहा पिऊन खुशीत गेले. मग शिल्पा डॉक्टरांजवळ आली. "लई उपकार झाले, सर. बीएस्सीचं शेवटचं वर्ष हाय. ते झाल्यावर बघा म्हणलं, तर बाबा ऐकंनात. मग तुमचं पुस्तक वाचून मीच त्यांना मेळाव्याला पाठवलं. म्हणलं, पेंड दावून राजाला वळवणं तर माझ्याच हातात हाय."

"म्हणजे ते विनोदी आहे, हे तुला कळलं?" डॉक्टर एकदम पुढे सरकले. अख्ख्या जिल्ह्यात एक तरी वाचक भेटला! "हसलीस तू?"

"हसले म्हणजे! पोट दुखंस्तोवर!"

"कुठल्या कथेला?"

"कथांना न्हाई, सर. कथा वाचून तर रडूच आलं. मागच्या पानावर बैलाच्या गळ्यात हात घालून तुमचा फोटो हाय नं, त्यातला लेखक कोणता तेच कळंना!"