साडूच्या दहावर बारा

वीज गेली की त्या गल्लीत दोन आवाज हमखास ऐकू येत. एक समोरच्या बेकरीतल्या जनरेटरची घरघर, आणि दुसरा लाँड्रीवाल्याच्या बायकोचा सुस्कारा.

"भाऊजींचे दिवे लागले बघा," गार पडत चाललेली इस्त्री बाजूला ठेवत ती म्हणे. "दहा किलोवॅटचा घेतलाय. ताई सांगत होती."

बेकरीवाला म्हणजे लाँड्रीवाल्याचा साडू. थोरल्या बहिणीचा नवरा, त्यामुळे सासरी पहिला मान त्याचा. सासरे सल्ला विचारणार तो त्यालाच आणि सासूबाई उदाहरण देणार तेही त्याचंच. हे सगळं लाँड्रीवाल्याने आजवर मुकाट्याने गिळलं होतं. पण आपल्याच बायकोने, आपल्याच दुकानात, अंधारात उभं राहून साडूच्या उजेडाचं कौतुक करावं, हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. त्याचा नुसता जळफळाट होई. तिने एकदा, फक्त एकदाच, 'आमच्या ह्यांनी ना...' अशी सुरुवात करून बहिणीला काहीतरी सांगावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

शेवटी त्याने आपल्या मशीनवरचे, ड्रायरवरचे, इस्त्र्यांवरचे आकडे बसून जुळवले. बेरीज आली साडेअकरा किलोवॅट. मग त्याने थेट जनरेटरचं दुकान गाठलं.

"दहापेक्षा मोठा दाखवा."

"हा घ्या, बारा केव्हीए," दुकानदार म्हणाला. "पण साहेब, तुमचा लोड किती? कारण केव्हीए म्हणजे..."

"बारा दहापेक्षा मोठे ना?"

"मोठे तर आहेतच, पण..."

"मग बांधा."

जनरेटर आला. लाँड्रीवाल्याने तो बेकरीतून नीट दिसेल असा दारातच ठेवला आणि त्याच्या पाठीवर तांबड्या रंगाने हातभर उंच '१२' काढला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून आकड्याखाली एक रेघही ओढली.

"भाऊजींच्यापेक्षा मोठा?" बायकोने विचारलं.

"चांगला दोनाने," तो म्हणाला आणि काही काम नसताना बेकरीवरून फेरी मारून आला.

आता वाट होती ती फक्त वीज जाण्याची. ती गेली नेमकी एका नव्या हॉटेलच्या चादरी आल्या त्या दिवशी. संध्याकाळपर्यंत चादरी पोचल्या तर हॉटेलचं कायमचं काम मिळणार होतं, नाहीतर ते दुसऱ्या लाँड्रीकडे जाणार होतं. भर दुपारी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला आणि सगळीकडे हाय हाय झालं. अख्ख्या गल्लीत आनंद झालेला माणूस एकच होता.

"आता बघ हं," तो बायकोला म्हणाला.

जनरेटर सुरू झाला. मशीन फिरलं, ड्रायर फिरला. बायकोने इस्त्र्या लावल्या आणि खट्! ब्रेकर पडला.

"नवीन आहे. जरा लाजतोय," तो म्हणाला.

त्याने ब्रेकर वर केला. खट्! त्याने दिवे घालवले. खट्! पंखा घालवला, बायकोचा रेडिओ काढून घेतला, मोबाइलचा चार्जरसुद्धा उपटला. खट्! एकेक यंत्र वेगळं चालवावं, तर चादरी उद्या दुपारपर्यंतही झाल्या नसत्या. त्यात मशीनचं दार अडकलं आणि निम्म्या चादरी काचेतून पाण्यात बुडालेल्या दिसत राहिल्या.

"भाऊजींना बोलावू?" बायको म्हणाली.

"अजिबात नाही!"

पण खटखट गल्लीभर ऐकू गेली होती. हाताला पीठ लागलेला साडू रस्ता ओलांडून आलाच. आल्या आल्या त्याने तांबड्या बाराकडे पाहिलं, आणि मग वाकून जनरेटरच्या कडेची, कुणीही न वाचलेली बारीक पाटी वाचली.

"साडूभाऊ, लोड किती तुमचा?"

"साडेअकरा किलोवॅट. आणि हा बारा."

"बारा केव्हीए. त्याला पॉवर फॅक्टरने गुणायचं, मग किलोवॅट निघतात. हा बघा, इथेच लिहिलाय, पॉइंट आठ. बारा गुणिले पॉइंट आठ, नऊ पॉइंट सहा."

लाँड्रीवाल्याला आधी चादरी आठवायला हव्या होत्या. त्याला आठवलं भलतंच.

"म्हणजे तुमच्या दहापेक्षा कमी?"

"थोडासाच. तसा केव्हीएत धरला तर माझा साडेबाराचा आहे."

दोन्हीकडून मार! लाँड्रीवाला मटकन बादलीवर बसला.

"मग मधली पॉवर जाते कुठे?" त्याने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

साडूने मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "आपला मेहुणा कसा आहे? येतो, घरभर फिरतो, परत जातो. जागा पुरेपूर अडवतो, काम शून्य. तशी असते ती."

लाँड्रीवाल्याला नको नको म्हणताना हसू फुटलं.

"कुणाबद्दल चाललंय?" आतून बायको.

"पॉवरबद्दल!" दोघे एकदम म्हणाले.

"माझी भट्टी आता बंद आहे," साडू म्हणाला. "इस्त्र्या न् ड्रायर माझ्यावर टाका, मशीन तुमच्यावर चालू द्या. पण तुम्ही म्हणाल तरच हं."

लाँड्रीवाल्याने चादरींकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कडू औषध घ्यावं तसे डोळे मिटले.

"साडूभाऊ, मदत करा," तो म्हणाला.

गल्ली ओलांडून जाड वायर आली. मशीन फिरलं, इस्त्र्या तापल्या, आणि उन्हं उतरायच्या आत घड्या घातलेल्या चादरी हॉटेलच्या गाडीत चढल्या. काम मिळालं. बहिणीला भेटायला आलेली थोरली मेहुणी हे सगळं दारातून बघत होती.

"ताई, बघितलंस?" लाँड्रीवाल्याची बायको म्हणाली. "आमच्या ह्यांनी ना, स्वतःहून मदत मागितली. एवढा मोठा आकडा रंगवून ठेवला होता, तरी!"

"बघितलं ना," थोरली म्हणाली आणि आपल्या नवऱ्याकडे वळली. "ह्याला म्हणतात मोठं मन. तुम्ही मागितली असती? मान मोडली तरी मागितली नसती! शिका जरा धाकट्या जावयाकडून."

साडूचं तोंड उतरलं. तो वायर गुंडाळत बेकरीत गेला. लाँड्रीवाला मात्र काळोख्या दुकानात एकटाच उजळून निघाला होता.

दिवेलागणीला साडू पुन्हा दारात हजर. पाठीमागे त्याची बायको.

"साडूभाऊ," तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "मदत हवी होती."

"कसली?"

साडूने मागे पाहिलं, घसा खाकरला.

"कसलीही चालेल."