गमरे मास्तरांची बाण कापायची करवत

गमरे मास्तर बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, खांद्यांकडे बघतात. नवखा माणूस आधी शर्टावर काही सांडलंय का ते तपासतो आणि मग उगाच ओशाळतो. खरं म्हणजे मास्तर त्याचं माप घेत असतात. दादरच्या एका गणवेशांच्या दुकानात त्यांनी जन्मभर कापड कापलं. दुकान बंद झालं, हात थांबले, डोळे मात्र अजून कामावर आहेत. मजल्यावरच्या लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. "ते चाळीस छातीवाले येऊन गेले," असं ते मला सांगतात, आणि ते कोण हे मी ओळखायचं. माझं माप त्यांनी मला कधी ऐकवलेलं नाही आणि मीही विचारायच्या भानगडीत पडलेले नाही.

परळची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा मास्तरांचं आणि आमचं दार समोरासमोर आलं. त्यांची बायको चाळीतच गेली. मुलगा मिलिंद, सून प्रणाली आणि नात श्रावस्ती मोठ्या घरासाठी नवी मुंबईत उलव्याला राहायला गेले. मास्तरांनाही चला म्हणाले होते. मास्तर म्हणाले, ट्रायल बघू. दोन रात्री राहून परत आले.

हे 'ट्रायल बघू' त्यांचं सगळ्याला उत्तर आहे. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली, ट्रायल बघू. सोसायटीत नवा सेक्रेटरी निवडून आला, ट्रायल बघू. पाचव्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात वधूवरांना आशीर्वाद देतानाही ते हेच म्हणाले. मुलीच्या आईनं त्यांच्याशी बरेच दिवस अबोला धरला होता.

तर अशा माणसानं एका सकाळी माझी बेल वाजवली आणि माझा जुना मिक्सर मागितला. भांडी नकोत, खालचा भाग तेवढा द्या म्हणाले. कशाला, असं मी विचारलं. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. 'कशाला' आणि 'का' हे माझे रोजचे शब्द आहेत.

"बाण कापायचेत, वहिनी," ते माझ्या डाव्या खांद्याला म्हणाले.

मी मुकाट्यानं मिक्सर आणून दिला.

मग हळूहळू कळलं ते असं. श्रावस्ती धनुर्विद्या शिकते. पंधरा वर्षांची पोर, पण हात स्थिर आहे म्हणे. तिच्यासाठी आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून बारा नवे बाण घेतले, कार्बनचे. हे बाण कारखान्यातून लांबलचक येतात आणि ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं कापून घ्यायचे असतात. बाण आखूड झाला तर संपलंच. तो पुन्हा जोडता येत नाही, आणि मारायला जावं तर स्वतःच्याच हातात घुसायचा. म्हणजे एक चूक झाली की पोरीचा महागाचा बाण कचऱ्यात.

इथपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं. पुढचं शिरेना. कारण बाण दाखवायला आलेल्या प्रणालीनं मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं की ज्या दुकानातून बाण घेतले, तो दुकानदार तिथल्या तिथे कापून देतो. त्याच्याकडे मशीनच आहे. पण मास्तर अडून बसले. माझ्या नातीचे बाण दुसरं कुणी कापणार नाही, आधी इथे ठेवा, असं म्हणून त्यांनी ते बारा बाण आपल्या कपाटात ठेवून घेतले.

मग सुरू झाली करवत. कपडे कापायच्या जुन्या टेबलाची फळी, तिच्यावर माझ्या मिक्सरची मोटर आडवी घातलेली, आणि मोटरला नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून आणलेली एक पातळ चकती. मी बघायला गेले आणि विचारलं, दात कुठे आहेत? मास्तर म्हणाले, दात नसतात. दातांनी बाण फाटतो, तो घासून कापावा लागतो. दात नसलेल्या वस्तूला करवत का म्हणायचं हा प्रश्न मी गिळला. त्या दिवसांत मी पुष्कळ प्रश्न गिळले.

मोटरचा वेग बदलायला मिक्सरचंच बटण होतं. एक, दोन, तीन. तीनवर ठेवलं की आमच्या भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं. कापताना उडणारी काळी भुकटी छातीत जाऊ नये म्हणून मास्तर तोंडाला फडकं बांधत, डोळ्यांवर पोहायचा चष्मा चढवत आणि शेजारी ओलं धोतर पसरून ठेवत. धोतर कुणाचं हे मला अजून माहीत नाही. ते स्वतः पँटवाले.

आवाजाची तक्रार झाली. सेक्रेटरी सावंत तरातरा वर आले. घरात कारखाना चालवता येत नाही, असं ते ठणकावून म्हणाले. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की कारखाना नाही, बाण आहेत. सावंत गोंधळले. सोसायटीच्या नियमांत कुत्र्यांबद्दल आहे, कुंड्यांबद्दल आहे, बाणांबद्दल काहीच नाही. शेवटी तेच म्हणाले की दुपारी एक ते चार बंद ठेवा, आणि जाताना आपल्या पँटची कंबर सैल करायला टाकून गेले.

ट्रायल काही संपेनात. मास्तरांनी पडद्याची दांडी कापली. खराट्याच्या काड्या कापल्या. छत्रीच्या तारा कापल्या. सगळं कसं सरळ, गुळगुळीत. माझ्यासारख्या बाईलाही दिसत होतं की करवत तयार आहे. पण कपाटातले बाण काही बाहेर येईनात.

एके दिवशी प्रणालीचा मला फोन आला. पोरगी अजून जुन्याच बाणांनी खेळतेय, तुम्ही तरी सांगा त्यांना, आम्ही येऊन बाण घेऊन जातो आणि दुकानातून कापून आणतो. रडकुंडीला आली होती बिचारी. मी तशीच समोर गेले आणि जरा चढ्याच आवाजात मास्तरांना म्हणाले, दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

"पाच मिनिटांत होतं," मास्तर म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी."

आता यातून कुणी काय समजायचं? मी डोक्याला हात लावून घरी आले. संध्याकाळी मात्र मास्तरांनी स्वतः उलव्याला फोन केला. करवत झाली, रविवारी पोरीला पाठवा.

रविवारी सकाळपासून त्यांच्या घरातून सुक्या जवळ्याचा वास येत होता. श्रावस्ती पाठीला धनुष्याची भलीमोठी पिशवी लावून आली. ओलं धोतर धरायला मला बोलावलं होतं. पोरीनं भिंतीकडे तोंड करून धनुष्य ताणलं आणि मास्तरांनी तिच्या बाणावर शिंप्याच्या पांढऱ्या खडूनं खूण केली.

मग त्यांनी बाण फळीवर आडवा ठेवला. चकती फिरायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की ती खुणेवर नाही, चांगली बोटभर पुढे आहे. मी ओरडून त्यांना थांबवलं आणि खूण दाखवली.

मास्तरांनी पोहायचा चष्मा वर केला आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"वाढतं अंग आहे, वहिनी. सोडूनच कापायचं असतं. मग परत येऊन बारीक करून न्यायचं."

म्हणाले आणि कापला. बाण हळूहळू फिरवत, सावकाश. बाजारात मिळतो तसाच स्वच्छ काप आला.

श्रावस्तीनं बाण हातात घेतला, धनुष्याला लावून ताणला. पुढे निघालेलं जादा टोक मलासुद्धा दिसत होतं, मग तिला का दिसणार नाही? तिनं त्या टोकावरून बोट फिरवलं. मग तिची नजर ओट्यावरच्या झाकलेल्या भांड्यांकडे गेली, दोनच ताटं मांडलेल्या टेबलाकडे गेली, आजोबांकडे गेली. इतके दिवस जे मला कळत नव्हतं ते एकदम कळलं, आणि दुकानातल्या पाच मिनिटांचं त्यांना ऐकवून आले होते याचं वाईट वाटलं.

"लांब राहिलाय, आजोबा," ती म्हणाली.

मास्तर फळीवरची भुकटी पुसत होते. पुसतच राहिले.

"पण आता बाकीचे नको कापायला," ती पुढे म्हणाली. "हा एक मी नेते, मारून बघते. पुढच्या रविवारी येऊन हा नीट करू आणि मग दुसरा घेऊ. एकेकच करू."

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं.

"बारा आहेत बाळा," ते म्हणाले.

"माहितेय," श्रावस्ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.