पासवर्डचे तीन तुकडे

"वीस वर्षांनी आपण काहीही करणार नाही!" चष्मेवाल्याने रविवारच्या वर्गात छाती फुगवून जाहीर केलं.

वर्ग म्हणजे जेवणाचं टेबल आणि विद्यार्थी म्हणजे बायको, कॉलेजातली मुलगी आणि सासरे अप्पा. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना जवळचं दाखवणारा हा माणूस रविवारी घरच्यांना दूरचं दाखवायचा. दूर, अगदी दूर, तळ्याकाठी एक घर. खिडकीत निळसर धुकं. आणि खुर्ची अशी, की एकदा बसलं की उठायची इच्छाच मरावी! हे सगळं दरमहा म्युच्युअल फंडात जाणाऱ्या पैशांतून, वाढीवर वाढ चढत चढत हळूच उगवणार होतं.

"मार्केट पडलं म्हणून माणूस बुडत नाही. घाबरून विकतो म्हणून बुडतो!"

"पण घाबरणार कोण?" बायकोने विचारलं.

"तुम्ही तिघं! म्हणून खात्याच्या पासवर्डचे तीन तुकडे करू, म्हणजे एकट्याला कुणाला विकता येणार नाही. ज्याचा त्याने ठरवायचा, कुणाला सांगायचा नाही. मला तर मुळीच नाही. मी रडलो तरी नाही!"

चार वर्षं तळ्याकाठचं घर विटेविटेने उभं राहत गेलं. चष्मेवाला लेन्स पुसता पुसता त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचा, तळ्यात पाय सोडायचा. गिऱ्हाइकं खाकरून त्याला परत आणायची.

आणि एका दुपारी मार्केट जिन्यावरून सुटलेल्या भोपळ्यासारखं गडगडत निघालं! "खालची ओळ वाचा," असं गिऱ्हाइकाला सांगता सांगता त्याची नजर फोनवर गेली आणि तोच ओरडायला लागला, "अजून खाली? अहो, अजून खाली?" तळ्याकाठचं घर तळ्यात शिरलं. खुर्ची तरंगत निघाली. शटर ओढून तो घरी धावला.

"अगं, तुझा तुकडा दे! सगळं विकायचंय!"

"रडलात तरी द्यायचा नाही, असं ठरलंय."

"मी अजून रडलो कुठे?"

"मग आधी रडा, मग मी नाही म्हणते."

शेवटी "घाबरट मीच" असं मोठ्यांदा वदवून घेऊन तिने तुकडा टाइप केला. मुलीने तेच पुन्हा म्हणायला लावलं. व्हिडिओ काढून! उरले अप्पा. ते बाल्कनीत डुलक्या काढत होते.

"अप्पा, तुमचा तुकडा!"

"हो हो. पक्ष्याचं नाव होतं बघा, जावईबापू. का फुलाचं?"

"आठवा ना!"

"सुंदर होतं एवढं नक्की."

मोर झाला, कमळ झालं, गुलाब झाला. बगळ्यावर खातं लॉक झालं! नव्या पासवर्डसाठी अर्ज केला तर उत्तर आलं, आठवडा लागेल.

तो आठवडा चष्मेवाल्याने छताकडे बघत काढला. आणि तेवढ्यात मार्केट उठलं, अंग झटकलं आणि पहिल्यापेक्षाही वर जाऊन बसलं! तळ्यातून घर निथळत बाहेर आलं. खिडकीत पुन्हा धुकं.

शेजारचा शिंपी हात जोडूनच आला. "मी घाबरून सगळं विकलं हो! तुम्ही मात्र ढिम्म! एवढा धीर आणलात कुठून?"

चष्मेवाल्याने घसा साफ केला. "त्याचं काय आहे, अभ्यास..."

बाल्कनीतून अप्पांनी एक डोळा उघडला. "कसला अभ्यास! धीर माझ्याकडून उसना घेतलाय. व्याज चढतंय!"