नापास व्हायची हातसलामी

कोल्हापुरात डोळ्यांची साथ आली त्या साली तालमीतले पैलवान लंगोटावर काळे चष्मे लावून कट्ट्यावर बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. जोतीरामचे डोळे मात्र लख्ख होते. त्याचं दुखणं वेगळंच होतं. साथीमुळं विद्यापीठाच्या कुस्तीच्या निवड चाचण्या निकालाच्या पुढं ढकलल्या होत्या, आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा काही हलायचं नाव घेत नव्हती.

"मग बिघडलं काय? आदी परीक्षा, मागनं कुस्ती," आक्का म्हणाली. आक्का म्हणजे त्याची आई. लेकाचं खाणंपिणं बघायला ती कोडोलीहून येऊन त्याच्या खोलीवर राहिली होती.

काय बिघडलं होतं ते कॉलेजचे खेळाचे शिक्षक गणपतराव सर यांनी सांगून ठेवलं होतं. "ज्याचं नाव पटावर, तोच विद्यापीठाकडनं खेळणार. पास झालास की तू पदवीधर. एम्.ए. काय तू करत न्हाईस. मग संपलं."

"आन् नापास झालो तर?"

"तर पटावर ऱ्हातोयस की. पण असं कोण मुद्दाम हुतंय व्हय?" सर पोट धरून हसले. जोतीराम हसला नाही.

दोन वर्षं त्याला चाचणीत एकाच गड्यानं पाडलं होतं, हुसेन शिकलगारनं. हुसेन त्याच्याच वर्गातला, त्याच्याच वजनाचा आणि त्याचाच जिवाभावाचा दोस्त. पाडून झालं की हुसेन विद्यापीठाचा निळा कोट चढवून परगावी स्पर्धेला जायचा आणि जोतीराम स्टँडवर त्याची वळकटी एस.टी.च्या टपावर चढवायचा. त्या कोटाचा त्याला ध्यास लागला होता हे खरं, पण कोटाहून जास्त त्याला हुसेन पाहिजे होता. एकदा, फक्त एकदा, त्याला आसमान दाखवायचं. मग जन्मभर कोडोलीत म्हशी राखायला त्याची ना नव्हती.

"मी बी नापास हुतो," हुसेन म्हणाला. साथीमुळं तालीम बंद होती आणि दोघं मागच्या दारानं आत येऊन कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसले होते. "माझं काय, तसंबी हुणारच हाय. तू तेवढा नक्की हो. तुझ्याबिगर चाचणीत राम न्हाय गड्या."

"शब्द?"

"शब्द."

आता पैलवानाचा शब्द नुसत्या तोंडानं होतो होय? दोघांनी वाकून हौद्यातली तांबडी माती उचलली, तळहाताला चोळली, कुस्तीच्या आधी करतात तशी रीतसर हातसलामी केली आणि तोच हात कपाळाला लावला. जोतीरामला भरून आलं. भरून आलेले डोळे त्यानं त्याच हातानं पुसले. हुसेनचा काळा चष्मा कालच उतरला होता, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

पेपरच्या आदल्या दिवशी जोतीरामचे दोन्ही डोळे सुजून बंद. उजेडाकडं बघायची सोय राहिली नाही. त्याला वाटलं, हे तर आयतंच झालं, पेपरला जायलाच नको. पण सरांनी तीही वाट बंद केली.

"गैरहजर ऱ्हायलास तर नावच पटावरनं उडतंय. बसावं लागंल. लेखनिक घे. तू सांगायचं, त्यानं लिवायचं. फकस्त लिवणारा खालच्या वर्गातला पायजे, असा नियम हाय."

"आमची नजीरा हाय की," हुसेन लगेच म्हणाला. "अकरावीला हाय. सांगशील तेवढंच लिवंल, गरीब पोरगी हाय."

आपल्या सख्ख्या बहिणीला गरीब म्हणणारा भाऊ एक तर आंधळा असतो नाही तर हुसेन असतो. पण जोतीरामला हायसं वाटलं. त्याच संध्याकाळी आक्का दह्याचं गाडगं घेऊन शिकलगारांच्या घरी गेली आणि नजीराशी बराच वेळ बोलत बसली.

साथीवाल्यांना एका वेगळ्या वर्गात बसवलं होतं. जोतीराम डोळ्यांवर ओला रुमाल बांधून बाकावर बसला. नजीरानं पहिला प्रश्न हळू आवाजात वाचला, "राज्यसभेची रचना सांगा."

"लिव," जोतीराम म्हणाला आणि हौद्याची माती करायची कृती सांगू लागला. "राज्यसभेची माती आदी चांगली चाळून घ्यावी. मग त्यात ताक, हळद आन् लिंबाचा रस घालावा."

"बरं."

"सभासदानं रोज पहाटं उठून जोर मारावं. झालं. पुढचा प्रश्न."

पण टाकाचा आवाज काही थांबेना. कागद उलटला, तरी टाक चालूच.

"इतकं काय लिवतीस गं?"

"तुमचंच सांगितलेलं नीट करून लिवतो की," नजीरा म्हणाली. "तुम्ही बोलताय भरभर."

सगळ्या पेपरांना असंच झालं. जोतीराम मन लावून वाटेल ते सांगत होता आणि घरी येऊन शांत झोपत होता. झोपेत त्याला हुसेनची पाठ मातीला लागलेली दिसायची.

निकाल लागला. हुसेन शब्दाला जागला होता, सगळ्या विषयांत नापास. आणि जोतीराम दुसऱ्या वर्गात पास.

तो तडक शिकलगारांच्या दारात जाऊन उभा राहिला. "नजीरा, काय केलंस हे?"

नजीरा भाकरी थापायची थांबली नाही. "तुमची आक्का आलती. म्हणाली, आमच्या सात पिढ्यांत पयला बी.ए. हुईल. रडत हुती बाई. आन् तुम्ही मला ताक, हळद लिवायला लावताय. मला न्हाय जमलं. भाईची पुस्तकं घरात मीच वाचलीत, त्यातलंच लिवलं."

कोडोलीत आक्का घरोघर पेढे वाटत होती आणि बी.ए. झालेला तिचा मुलगा रंकाळा तलावाच्या कठड्यावर तोंड पाडून बसला होता. हुसेनला आता चाचणीत दुसरा कुणीतरी मिळणार, आपली कुस्ती मात्र कायमची राहिली, या विचारानं त्याला गलबलून आलं.

आठवडाभरानं सरांनी बोलावणं धाडलं. विद्यापीठानं नियमात बदल केला होता. साथीमुळं ज्यांची चाचणी लांबली त्यांना एक वर्ष सवलत, पदवीधर झाले तरी चालेल. फक्त नापासांनी मैदानाकडं न फिरकता अभ्यास करावा.

"म्हंजे मी हाय?"

"तू हाईस."

"आन् हुसेन?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. जोतीरामच्या वजनात दुसरा कुणी उभाच राहिला नाही. चाचणीच्या दिवशी तो एकटाच मातीत उतरला, सरांनी त्याचा हात वर केला, आणि अंगाला मातीचा कण न लागता तो विद्यापीठाचा पैलवान झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोट शिवून आला त्या दिवशी तो अंगात घालून हुसेनच्या घराला लागून असलेल्या दुकानात गेला. हुसेन चाकावर विळ्यांना धार लावत बसला होता. पास होईपर्यंत माती बंद, असं त्याच्या वडलांनी फर्मान काढलं होतं.

हुसेननं चाक थांबवलं आणि कोटाकडं बघत राहिला.

"बाह्या लांब झाल्यात की रं."

"माप तुझं हाय," जोतीराम म्हणाला. "सरांनी सवयीनं तुझंच माप दिलंतं शिंप्याला."

"मग आखूड करून घे."

"न्हाय. असाच वापरतो." जोतीरामनं बाह्या खाली ओढल्या. "एम्.ए.ला नाव घातलंय मी. पुढल्या साली पटावर हाय. तू तेवढा पास हो आन् माझ्या मागनं एम्.ए.ला ये. मग बघू, कोट कुणाचा ते."

"तू? एम्.ए.?"

"काय करू मग? दुसरी वाट दावतोस?"

आतून नजीराचा आवाज आला, "भाई, पुस्तक उघडलंस का न्हाय अजून?"

हुसेननं हातातला विळा खाली ठेवला. मग त्यानं हात धोतराला पुसला आणि पुढं केला. "हुतो पास. शब्द."

जोतीरामनं आधी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि दोन्ही डोळे नीट निरखून पाहिले. मगच कोटाची लांब बाही मागं सारून त्यानं हात बाहेर काढला.