भोईर सरांच्या कमानी

भोईर सरांचं अक्षर माझ्याइतकं कुणालाच लागत नाही, असं मी छातीठोक सांगत आले. उल्हासनगर कॅम्प एकपासून बदलापूरपर्यंत कुणालाही विचारा. निदान गेल्या डिसेंबरपर्यंत तरी विचारायला हरकत नव्हती.

बुधाजी भोईर सर आनंदनगरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. घरची भातशेती, गाव बारवी धरणाच्या वाटेवर, आणि हा माणूस पियानोसाठी संगीत लिहायचा. पियानो मिळाला कॅम्प एकमधल्या एका सिंधी शेठच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात. शेठने तो कपाट समजून घेतला होता आणि कपाट म्हणूनच विकला. सरांच्या अंबरनाथच्या दोन खोल्यांत तो शिरल्यावर जी काय जागा उरली, तिच्यात सर, द्रौपदीकाकू आणि आम्ही शिष्य दाटीवाटीने बसायचो. शिष्य दोनच. मी शलाका, आणि तो सुयोग. कारखान्यातल्या रद्दी झालेल्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजूवर सर फूटपट्टीने पाच-पाच रेघा आखायचे आणि त्यावर सूर मांडायचे. त्या कागदांना केमिकलचा वास असायचा. आनंदनगरवरून रिक्षा गेली की अजून माझी बोटं मांडीवर चालायला लागतात.

सर गेले आणि कागद माझ्याकडे आले. त्यांच्या आठवणीत अंबरनाथला एक कार्यक्रम करायचा असं मी ठरवलं. ‘बारवीचं पाणी’ ही त्यांची रचना माझी विद्यार्थिनी उन्नती वाजवणार होती. ती हेंद्रेपाड्यात माझ्याकडे शिकते, हात मऊ आहे तिचा. रचना आमच्या आधीच्या काळातली. सरांनी आमच्यासमोर ती कधीच वाजवली नव्हती.

भानगड इथेच सुरू झाली. जे सूर एका दमात वाजवायचे, त्यांच्यावर संगीतकार एक कमान काढतो. कमान संपली की हात हलकेच उचलायचा. सरांच्या कागदावर लांबलचक कमान निघायची आणि ऐन मध्यावर तुटायची. तुटलेल्या जागी वर वळलेला एक बारीक हूक. पुढे दुसरी कमान. असं पानभर.

मी म्हटलं, हा श्वास आहे. इथे हात हवेत धरून थांबायचं. सुयोग म्हणाला, कसला श्वास? सरांनी पेन उचललं असेल, कमान एकच आहे, सलग वाजव.

“पाणी कधी मध्येच थांबतं का?” त्याने विचारलं.

“बदलापूरला राहतोस, रोज नळ बघतोस, आणि मला विचारतोस?” मी म्हटलं.

यावरून आम्ही दोन आठवडे एकमेकांचे फोन उचलले नाहीत. शेवटी मी द्रौपदीकाकूंना फोन केला. त्या आता भावाकडे गावी राहतात, तिथे रेंज आली तर आली. मी विचारलं, सरांच्या त्या कमानींचं काय होतं? काकू खुलल्या. म्हणाल्या, फार चांगली झाली गो कमान, यंदा जत्रेला लायटिंगपण केलीये. मग फोन कटला तो कटलाच. मी सुयोगला कळवून टाकलं की काकूंनीही कमानी चांगल्या आहेत असंच सांगितलंय.

कार्यक्रमाला काकू आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. भाड्याचा इलेक्ट्रिक पियानो स्टेजवर होता. उन्नतीने सुरुवात इतकी सुरेख केली की मी सुयोगकडे वळून बघितलं. पहिला हूक आला. मी शिकवल्याप्रमाणे तिने दोन्ही हात हवेत धरले आणि डोळे मिटले.

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

निवेदन करणारा रूपेश माईककडे धावला आणि आभार मानू लागला. प्रमुख पाहुण्यांना पुढचा एक कार्यक्रम गाठायचा होता, ते शाल-नारळ घेऊन तयारच होते. उन्नतीचे हात पुढे आहेतच असं पाहून त्यांनी त्यात नारळ ठेवला. तिने डोळे उघडले, नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी विंगेतून खुणेने सांगितलं, पुढे वाजव. पोरीने नारळ मांडीत घेतला आणि पुढची कमान सुरू केली. पाहुणे शालीसकट तिथेच उभे राहिले. रूपेशने ‘धन्यवाद’मधला ‘धन्य’ म्हणून माईक खाली ठेवला.

दुसऱ्या हुकाला पुन्हा टाळ्या पडल्या, पण चाचपडत. तिसऱ्याला लोक एकमेकांना गप्प करू लागले. पुढे त्यांना सवय झाली. इतकी झाली, की रचना खरोखर संपली, उन्नती उठून उभी राहिली, तरी टाळी वाजेना. नारळ हातात घेऊन ती उभी, आणि अख्खं सभागृह पुढच्या कमानीची वाट बघत गप्प. सुयोग तेवढा खाली मान घालून खांदे हलवत होता. मला तिथल्या तिथे घरी जावंसं वाटलं.

तेवढ्यात काकू उठल्या. पदराने डोळे पुसत स्टेजवर आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

“अगदी तसंच वाजलं गो. आपल्या घरात वाजायचं तसंच.”

मी सुयोगकडे असं बघितलं, की ते बघणं मला पुढे बरेच दिवस महागात पडलं. कारण काकूंचं बोलणं संपलं नव्हतं. पियानो आणला त्या वर्षी पावसाळ्यात त्याचं लाकूड फुगायचं. एक पट्टी दाबली की खालीच राहायची. सर वाजवत बसायचे आणि काकू शेजारी उभ्या. कागदावर खूण आली की सर थांबायचे, आणि काकूंनी नखाने ती पट्टी वर उचलायची.

“त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं,” काकू म्हणाल्या. “पण तो हूक कळायचा. तो हूक म्हणजे मी.”

मग सुयोगने हळूच विचारलं, म्हणजे रचना मुळात सलगच होती ना? काकू म्हणाल्या, असेल, ते म्हणायचे तसं. पण पुढे मिस्त्री आला, पट्टी नीट झाली, आणि यांनी ती रचना वाजवायचंच सोडलं.

मी चूक कबूल केली. सुयोगने ती फोन रेकॉर्डिंगवर ठेवून पुन्हा वदवून घेतली. मग सरांच्या मनातली खरी रचना काकूंना एकदा तरी ऐकवायचीच, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. महिनाभर उन्नतीकडून ती सलग बसवून घेतली आणि छोटा कीबोर्ड घेऊन काकूंच्या गावी गेलो. ओटीवर उन्नती वाजवत होती. कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही, नुसतं पाणी वाहत होतं. सुयोगच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी त्याला दिसू दिलं नाही.

काकूंनी मन लावून शेवटपर्यंत ऐकलं. उन्नतीच्या पाठीवरून हात फिरवला.

“फार गोड आहे गो,” त्या म्हणाल्या. “कुणाचं आहे हे?”

मी सुयोगकडे बघितलं, सुयोगने माझ्याकडे. मग सरांचं अक्षर लागणारे आम्ही दोघे जाणकार मिळून कीबोर्डची वायर गुंडाळायला लागलो.