पगारेताईंची भागीदारी

आमच्या वस्तीत सर्व्हेला येणाऱ्या माणसाचा आधी सर्व्हे होतो. तो पगारेताई घेतात. समाजमंदिरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्याला बसवतात, स्वतः उभ्या राहतात आणि सुरू करतात. "नाव? गाव? याआधी कुठल्या वस्तीत गेला होतात? तिथं परत कधी गेलात?" या शेवटच्या प्रश्नाला भलेभले खाली बघतात. "गेला नाय ना? मग उतरा."

उतरा, कारण ताई एसटीत कंडक्टर होत्या. कधी घोटी, कधी येवला, सगळी नोकरी उभ्यानं गेली. त्या निवृत्त झाल्या, आवाज झाला नाही. आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. मी शेजारी राहणारा शाळामास्तर. मंडळाचे अर्जबिर्ज मीच लिहितो, त्यामुळे मी त्यांचा बिनपगारी ड्रायव्हर. बैठकीत कुणी लांबण लावली की त्या म्हणतात, "घंटी मी देणार. चला पुढे!"

त्यांचा राग उगाच नाही. आमच्याकडे कॉलेजांतून, विद्यापीठांतून माणसं येतच असतात. कुणी आमचं पाणी विचारलं, कुणी आमची लग्नं, कुणी आमची दुखणी. आमच्या बायांनी धुण्याभांड्याची कामं बुडवून उत्तरं दिली, वर चहा पाजला. त्यांना डॉक्टरेट मिळाली, आमच्या गल्ल्या त्यांच्या फोटोत गेल्या, आणि माणसं गेली ती गेलीच. त्यांना काय सापडलं, ते आम्हाला आजतागायत माहीत नाही. माझंही डोकं तापतं. पण मी राग गिळतो. ताई गिळत नाहीत.

गेल्या वर्षी अनघा मॅडम आल्या. विद्यापीठात शिकवणाऱ्या, वयानं तरुण. त्यांचा विषय होता, वस्तीतली एकटी राहणारी म्हातारी माणसं.

"ताई, आम्ही तुमच्यावर संशोधन नाही करणार. तुमच्याबरोबर करणार. आपली भागीदारी."

"भागीदारी?" ताई कडाडल्या. "आत्तापर्यंत आम्ही फक्त चहातले भागीदार होतो. ऐका. जे सापडेल ते आधी इथं सांगायचं. याच समाजमंदिरात, मराठीत, ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यासमोर. कबूल?"

"कबूल," मॅडम म्हणाल्या.

मग मंडळाच्या बाया आणि मॅडमचे विद्यार्थी जोडीनं घरोघर फिरले. पहिल्याच दिवशी एका विद्यार्थिनीनं गायकवाड आजोबांना विचारलं, "आपणांस एकाकीपणाची भावना कितपत जाणवते?" आजोबा घाबरले. त्यांना वाटलं, काहीतरी आजाराचं नाव आहे. ताईंनी तिला बाजूला सारलं. "असं विचारतात का? थांब." आणि त्या दारातूनच गरजल्या, "आजोबा! एकटं वाटतं का?"

"नाही, नाही! अजिबात नाही!" आजोबा हात जोडून म्हणाले.

नंतर ती मुलगी आणि मंडळाच्या शांताबाई त्यांच्याकडे नुसत्या जाऊन बसायला लागल्या, तेव्हा कुठे आजोबा बोलले. बोलता बोलता रडलेही. ताईंना मात्र आम्ही आजोबांच्या गल्लीत पुन्हा जाऊ दिलं नाही.

काम संपलं. काही महिन्यांनी मंडळाला आमंत्रण आलं: शहरातल्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम. आमच्या बाया ठेवणीतल्या साड्या नेसून गेल्या. दारात प्रत्येकीला गुलाबाचं फूल मिळालं, पहिल्या रांगेत जागा मिळाली. दिवे मंद झाले आणि पडद्यावर इंग्रजी सुरू झालं. आमच्याच वस्तीत काय सापडलं ते, आमच्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही न सांगता, पाहुण्यांना सांगितलं जात होतं. मध्येच गायकवाड आजोबांचा हात दिसला. चेहरा झाकला होता. पण ती अंगठी आम्ही ओळखतो. आजोबा कसे रडले, तेही इंग्रजीत सांगितलं गेलं; मी ताईंच्या कानात त्याचा अर्थ सांगितला.

ताई उठल्या. "थांबवा!"

व्यासपीठावरचे एक साहेब हसून म्हणाले, "ताई, प्रश्नोत्तरं शेवटी."

"शेवटच्या स्टॉपला उतरून काय करू? मला मधेच उतरायचंय!" सभागृह हसलं. ताई हसल्या नाहीत. "तो म्हातारा तुमच्यासमोर रडला नव्हता, साहेब. आमच्या शांताबाईसमोर रडला. त्याचं रडणं तुम्ही इथं गारव्यात बसून ऐकता, आणि त्याला पत्ताच नाही? ही भागीदारी? चला गं!"

गुलाब खुर्चीवर ठेवून सगळ्या बाया बाहेर पडल्या. मीही. त्या दिवशी मी राग गिळला नाही, पण बोललोही नाही. ताई दोघांच्या वाटचं बोलल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात अनघा मॅडम एकट्या वस्तीत आल्या. ताईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"चुकलं, ताई. वरून तारीख आली. मी नाही म्हणायला हवं होतं."

"वरून फक्त पाऊस येतो. बाकी सगळं माणसं करतात."

"म्हणूनच आलेय. आज सांगते."

त्या संध्याकाळी समाजमंदिर भरलं. मॅडम मराठीत, सावकाश बोलल्या. एकटी माणसं एकदाच रांधतात, दोन वेळा खातात. दिवेलागणीची वेळ त्यांना सगळ्यांत जड जाते. माना डोलत होत्या. गायकवाड आजोबा उठले. "सगळं बरोबर आहे. फक्त मी इतका रडलो नव्हतो." सगळे हसले. मग रोज दिवेलागणीला समाजमंदिर उघडायचं, सगळ्यांनी चहाला जमायचं, असं तिथंच ठरलं. ताईंनी घंटी दिली.

माणसं पांगली. आम्ही खुर्च्या रचत होतो. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमची मुलाखत राहिलीच."

"मी म्हातारी नाय. मी अध्यक्ष आहे!"

मॅडमनी वही काढली नाही. साधंच विचारलं, "रात्री काय जेवणार?"

ताई काहीतरी ओरडणार होत्या. पण हळूच म्हणाल्या, "सकाळची भाकर आहे." आणि हातातली खुर्ची रचत, "थांब तू. पिठलं टाकते."

दहा मिनिटांत मला त्यांच्या घरातून हाक आली. दुसरं ताट वरच्या फळीवर होतं, त्यांचा हात पुरत नव्हता. मी स्टुलावर चढून ते काढलं. ताटावर धुळीचा थर होता. ताईंनी ते माझ्या हातून घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ घासत राहिल्या.

"मास्तर," त्या न वळताच म्हणाल्या, "स्टुलावरच उभे राहणार का? तिसरंही काढा."